प्रोजेक्टर बसवण्याचा बरोबर क्रम: आधी माप, मग अंधार, मग चौकट, रंग सगळ्यात शेवटी

नवा प्रोजेक्टर घरी आला की बहुतेकांचं ठरलेलं असतं. टीपॉयवर ठेवायचा, भिंतीवर चित्र पाडायचं, तिरकं दिसलं की ऑटो कीस्टोन (तिरकं चित्र आपोआप सरळ दाखवणारी सोय) लावायचा, फिकं दिसलं की ब्राइटनेस शंभरावर न्यायचा आणि एवढं करूनही चेहरे हिरवट दिसतात म्हणून रंगांच्या मेनूत शिरायचं. तिथे तासभर खटपट केली की चित्र पहिल्यापेक्षा वाईट होतं. रंगांची तक्रार घेऊन लोक विचारायला येतात, तेव्हा दोष बहुधा रंगांच्या मेनूत नसतोच. तो खोलीत, भिंतीत, नाहीतर केबलमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये असतो.

क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक पायरी पुढचीला धक्का देते. यंत्र हललं की फोकस जातो. झूम बदलला की उजेड बदलतो. उजेड बदलला की काळ्या-पांढऱ्याची लावलेली पातळी चुकते. म्हणून खालचे टप्पे मागेपुढे करू नका. घर, सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग, सगळीकडे हाच क्रम चालतो.

## आधी जवळ काय हवं

मोजपट्टी, पाणसळ, ओळंबा, दोरा, पेन्सिल आणि मास्किंग टेप. एका पेनड्राइव्हवर टेस्ट पॅटर्न, म्हणजे तपासणीसाठीची ठरावीक चित्रं, घ्या. 'एव्हीएस एचडी ७०९' हा संच मोफत मिळतो आणि घरगुती कामाला पुरतो. अँड्रॉइड फोनवर एखादं लक्समीटर, म्हणजे उजेड मोजणारं, ॲप टाका. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण आपल्याला तुलनाच करायची आहे.

यंत्राचं मॅन्युअल उघडून चार गोष्टी कागदावर लिहून काढा: थ्रो रेशो, लेन्स शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र हलवायची सोय) आहे की नाही, चित्र लेन्सच्या किती वर किंवा खाली पडतं, आणि मूळ रिझोल्यूशन. शेवटच्या बाबतीत सावध राहा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर '१०८०पी सपोर्ट' ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र तो सिग्नल स्वीकारतं. आतलं पॅनेल, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, १२८० × ७२० ठिपक्यांचं किंवा त्याहून लहान असू शकतं.

## टप्पा १: माप

थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. इथे रुंदी म्हणजे कर्ण नव्हे. दुकानात बोलतात ते '१०० इंच' हा कर्ण असतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. १६:९ प्रमाणात १०० इंची चित्र सुमारे २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच असतं. १२० इंची चित्र सुमारे २६६ बाय १४९.

समजा थ्रो रेशो १.५ आहे आणि खोली १२ फूट, म्हणजे ३६६ सेंटीमीटर लांब. यंत्राची स्वतःची लांबी, मागच्या केबलचं वळण आणि हवा खेळायला जागा मिळून ४५ सेंटीमीटर सोडा. लेन्सपासून पडद्यापर्यंत उरतात सुमारे ३२० सेंटीमीटर. भागिले १.५ केलं की रुंदी २१३ सेंटीमीटर येते, म्हणजे शंभर इंचांनाही थोडी कमीच. या खोलीत १२० इंची पडदा आणून टांगला तर तो कायम भोवती रिकामा राहणार. पडदा आधी विकत घेऊन हिशेब नंतर करणारे पुष्कळ आहेत.

झूम असलेल्या यंत्राला थ्रो रेशोची दोन टोकं असतात, उदाहरणार्थ १.२ ते १.५. बसवायची जागा या दोन टोकांच्या मध्ये येईल अशी निवडा. अगदी टोकावर बसवलं तर पुढे दोन इंच सरकवायची वेळ आली की हात बांधलेले.

तपासा: ड्रिल हातात घेण्याआधी यंत्र स्टुलावर किंवा शिडीवर ठरलेल्या अंतरावर ठेवून चित्र पाडा आणि रुंदी मोजा. गणित आणि भिंत जुळली तरच पुढे जा.

## टप्पा २: अंधार आणि पडदा

या टप्प्याला लोक सर्वात कमी वेळ देतात. चित्राच्या दर्जाचा मोठा हिस्सा इथेच ठरतो, म्हणून जरा थांबू.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. तो जिथे उजेड टाकत नाही तिथे पडद्यावर जे उरतं, तोच तुमचा काळा. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर काळा म्हणजे ट्यूबलाइटने उजळलेला पडदा.

आकड्यांत बघा. एका यंत्रावर २००० लुमेन (यंत्र टाकतं तो एकूण उजेड) लिहिलं आहे. तो आकडा सर्वात भडक, हिरवट मोडमधला असतो. सिनेमा मोडमध्ये १२०० मिळतात असं धरू. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर, म्हणून पडद्यावर पडतात सुमारे ४३५ लक्स (दर चौरस मीटरवरचे लुमेन). खोलीतल्या दिव्यांचे १०० लक्स पडद्यावर पडत असतील तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण ५३५ ला १००, म्हणजे जेमतेम पाचपट. दुप्पट पैसे मोजून दुप्पट लुमेनचं यंत्र आणलं तर ते दहापटीच्या आसपास जातं. आणि यंत्र तेच ठेवून खिडक्यांना जाड पडदे लावले, बाहेरचा उजेड ५ लक्सवर आणला, तर ८८ पट. खिडक्यांचे पडदे शिवून घेणं कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा स्वस्त पडतं.

मोजायचं असं: प्रोजेक्टर बंद ठेवा, खोली नेहमी बघताना असेल तशी करा, फोनची पाठ पडद्याला टेकवून त्याचं तोंड खोलीकडे करा आणि आकडा वाचा. पाचाच्या आत आला तर उत्तम. पन्नासच्या वर असेल तर सिनेमाचा नाद सोडा आणि क्रिकेट किंवा कार्टून बघा, त्यांना उजेड खपतो.

लुमेनच्या आकड्यांबद्दल: 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' असं लिहिलेलं असेल तरच तुलना करता येते, कारण ती मोजणी चित्राच्या नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढण्याच्या पद्धतीवर उभी आहे. नुसतं '९००० लुमेन' किंवा 'एलईडी लुमेन' असेल तर तो आकडा वाचलाच नाही असं समजा.

आता पडदा. भिंतच वापरणार असाल तर ती प्लास्टरच्या उंचवट्यांशिवाय सपाट आणि पूर्ण मॅट पांढरी हवी. आपल्याकडे भिंती बहुधा क्रीम किंवा ऑफव्हाइट असतात. तो पिवळटपणा प्रत्येक दृश्यात मिसळतो. चकाकीचा रंग दिला असेल तर मधोमध लेन्सचा उजळ डाग दिसतो. विकतच्या पडद्यांत साधा मॅट पांढरा, गेन (पडदा समोर किती उजेड परत फेकतो त्याचं माप) १.० ते १.२, हा सगळ्यात बिनत्रासाचा. जास्त गेनचा पडदा समोर बसणाऱ्याला उजेड देतो आणि बाजूला बसणाऱ्याकडून काढून घेतो. ज्या हॉलमध्ये माणसं भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतात तिथे तो नको.

सावधान: पडद्याशेजारची लाल किंवा पोपटी भिंत चित्राचाच उजेड रंगवून परत पडद्यावर टाकते. ही छटा मेनूतून काढता येत नाही, कारण ती दृश्यागणिक बदलते. पडद्यालगतचा मीटरभर भाग तरी गडद आणि मॅट करा.

## टप्पा ३: चौकट सरळ करणं

इथे एकच नियम पाळा. काम होईपर्यंत कीस्टोन बंद. ऑटो कीस्टोनही बंद.

डिजिटल कीस्टोन लेन्सला हात लावत नाही. तो पॅनेलवरचं चित्रच उलट्या दिशेने चेमटतो, म्हणजे पडद्यावर ते सरळ दिसतं. वरची कड १५ टक्क्यांनी आत घेतली तर १९२० ऐवजी १६३२ ठिपक्यांत तीच ओळ कोंबली जाते. बारीक अक्षरं मऊ होतात, उभ्या रेषांना दातरे येतात. न वापरलेला भाग राखाडी पट्ट्याच्या रूपात पडद्याबाहेर भिंतीवर दिसत राहतो, तो वेगळाच. आणि यंत्र तिरकं असल्यामुळे वरच्या आणि खालच्या कडेचा फोकस वेगळा पडतो, त्याला कीस्टोनकडे काहीही औषध नाही.

लेन्स शिफ्ट मात्र वेगळी. तिच्यात लेन्स पॅनेलसमोर प्रत्यक्ष सरकते, ठिपका एकही वाया जात नाही. असेल तर ती वापरा. फक्त टोकापर्यंत ताणू नका, कोपऱ्यांत धार कमी होते.

३.१ मध्यरेषा. पडद्याच्या मधोमध ओळंबा सोडून उभी रेघ आखा. तिथून छतावर पडद्याशी काटकोनात रेघ न्यायची आहे. काटकोन डोळ्याने काढू नका. गवंडी काढतात तसा दोऱ्याने ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण करून काढा.

३.२ लेन्स रेघेवर. रेघेवर लेन्स यायला हवी, यंत्राचा मध्य नव्हे. बऱ्याच यंत्रांत लेन्स एका बाजूला असते. ब्रॅकेट रेघेवर ठोकून मोकळं होणं ही छतावरच्या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. मग यंत्र वाकडं वळवून चित्र मध्यावर आणलं जातं आणि कीस्टोनचं दुखणं जन्माला येतं.

३.३ उंची. शिफ्ट नसलेल्या बऱ्याच यंत्रांत, टेबलावर ठेवल्यास, चित्राची खालची कड लेन्सच्या पातळीच्या थोडी वर पडते. उलटं टांगलं की वरची कड लेन्सच्या थोडी खाली. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. छत उंच असेल तर यंत्राची मान खाली वाकवण्याऐवजी ब्रॅकेटचा पाइप लांब घ्या.

३.४ तीन हालचाली, याच क्रमाने. आधी पाणसळ ठेवून यंत्राची आडवी पातळी. मग डावी-उजवीकडे वळण. मग वर-खाली झुकाव. चौकटीचं टेस्ट पॅटर्न लावा आणि कडा मोजा. ज्या बाजूची कड मोठी, त्या बाजूला यंत्राचं तोंड वळलेलं आहे. डावी कड उजवीपेक्षा उंच आली तर तोंड किंचित उजवीकडे फिरवा. वरची कड रुंद आली तर तोंड खाली घ्या.

तपासा: सुतारकामाची सवय असलेले दोन कर्ण मोजतात आणि सारखे आले की निश्चिंत होतात. इथे ते फसवं आहे. वर रुंद आणि खाली अरुंद अशा चौकटीचेही दोन्ही कर्ण सारखेच येतात. चारही कडा मोजा. समोरासमोरच्या कडांत अर्ध्या सेंटीमीटरहून कमी फरक राहिला की स्क्रू आवळा, आणि आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना यंत्र हलतंच.

चौकात किंवा गच्चीवर एका रात्रीसाठी सामना लावायचा असेल तर मी हा सगळा खटाटोप सांगणार नाही. तिथे कीस्टोन खुशाल लावा.

## टप्पा ४: सिग्नल

लांब एचडीएमआय केबल ही कटकटीची वस्तू. साधी तांब्याची केबल पाच-सात मीटरच्या पुढे ४के सिग्नलला दगा देऊ लागते: चित्र लुकलुकतं, मधेच काळं होतं. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिची दोन टोकं वेगळी असतात, एक उपकरणाकडचं आणि एक पडद्याकडचं. भिंतीतल्या पाइपातून ओढण्याआधी टोकं वाचा, नाहीतर पूर्ण केबल परत उपसावी लागते. ओढण्याआधी जमिनीवरच जोडून चालू करून बघा.

मग रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची व्याप्ती. ० ते २५५ च्या मापात व्हिडिओमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. कॉम्प्युटर बहुधा ० ते २५५ पाठवतो. देणारा आणि घेणारा यांचं एकमत नसेल तर एकतर काळे भाग चिखलासारखे बुजतात किंवा सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसतं. लोक हे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टने निस्तरू बघतात. तसं करू नका. सेट-टॉप बॉक्स, स्टिक आणि प्लेअरसाठी दोन्हीकडे 'लिमिटेड' ठेवा. लॅपटॉपसाठी दोन्हीकडे 'फुल'.

त्याच मेनूत ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारी सेटिंग) शून्य करा.

एचडीआरबद्दल, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणाऱ्या व्हिडिओबद्दल, थोडं. एचडीआरचा मजकूर पुष्कळदा १००० निट्स (पडद्यावरून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचं माप) उजेडाच्या हिशेबाने तयार केलेला असतो. वरच्या उदाहरणातले ४३५ लक्स साध्या पांढऱ्या पडद्यावर सुमारे १४० निट्स होतात. मधली दरी यंत्राला स्वतःच भरावी लागते, आणि स्वस्त यंत्रं ती चित्र अंधारवून भरतात. चेहरे काळवंडलेले दिसत असतील तर उपकरणातच एचडीआर बंद करा.

## टप्पा ५: तापू द्या, मग फोकस

चालू केल्याबरोबर फोकस लावू नका. दिवा, काचा आणि लेन्सची नळी तापेपर्यंत फोकस सरकत असतो. अर्धा तास यंत्र चालू ठेवा; चहा घ्या.

फोकस सिनेमाच्या दृश्यावर नव्हे, बारीक अक्षरांच्या किंवा जाळीच्या स्थिर पॅटर्नवर लावा. एकाने रिंग फिरवावी, दुसऱ्याने पडद्याजवळ उभं राहून सांगावं. मध्य अगदी धारदार केला की कोपरे मऊ राहतात. म्हणून मध्य आणि कोपरा यांच्या अध्येमध्ये धार सर्वात चांगली येईल असं जुळवा. एकच बाजू मऊ राहत असेल तर फोकसशी झगडू नका, टप्पा ३ मधलं वळण चुकलं आहे.

## टप्पा ६: तीन रंग एकावर एक बसतात का

काळ्यावर पांढरी जाळी लावा आणि जवळ जाऊन बघा.

तीन पॅनेलच्या एलसीडी यंत्रात पांढरा उजेड विशिष्ट लेपाच्या आरशांनी लाल, हिरवा आणि निळा असा वेगळा केला जातो, प्रत्येक रंग आपापल्या पॅनेलमधून जातो आणि एका चौकोनी प्रिझममध्ये तिन्ही परत एकत्र येतात. पॅनेल केसभर सरकलेलं असेल तर सगळ्या रेषांच्या एकाच बाजूला लाल किंवा निळी कड दिसते. अर्ध्या ते एका ठिपक्याचा फरक चालतो, बसायच्या जागेवरून दिसत नाही. जास्त असेल तर मेनूत 'पॅनेल अलाइनमेंट' शोधा.

कड मध्यावर नसेल आणि कोपऱ्यांकडे वाढत जात असेल तर तो पॅनेलचा नव्हे, लेन्सचा दोष. तो मेनूतून जात नाही. लेन्स शिफ्ट मध्याकडे आणली तर कमी होऊ शकतो.

एका चिपच्या डीएलपी (बारीक आरशांच्या चिपच्या) यंत्रात तिन्ही रंग त्याच चिपवरून पाळीपाळीने येतात, त्यामुळे हा प्रश्न नाही. तिथे काहींना नजर फिरवताना इंद्रधनुषी झळक दिसते. घरात कोणाला ती दिसते का, हे यंत्र परत करायची मुदत असतानाच बघून घ्या.

## टप्पा ७: आता रंग

पॅटर्न ज्या उपकरणातून आणि ज्या पोर्टमधून रोज बघणार त्यातूनच लावा. खोली नेहमीच्या अंधारात. ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, 'व्हिव्हिड' सगळं बंद.

७.१ मोड. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'रेक. ७०९' (एचडी व्हिडिओचं रंगांचं मानक) निवडा. 'डायनॅमिक' आणि 'ब्राइट' मोड हिरवट असतात, कारण डोळा हिरव्याला सर्वात जास्त दाद देतो आणि पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यात लाल मुळातच कमी असतो; लाल जुळवायला गेलं की लुमेन घटतात.

७.२ ब्राइटनेस. नाव काहीही असो, ही काळ्याची पातळी. काळ्या पट्ट्यांच्या पॅटर्नमध्ये १६ आणि त्याखालच्या पट्ट्या नाहीशा व्हाव्यात, १७-१८ च्या जेमतेम दिसाव्यात.

७.३ कॉन्ट्रास्ट. पांढऱ्याची पातळी. २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. वाढवत जाताना पांढरा गुलाबी किंवा पिवळा होऊ लागला तर एखादा रंग टोकाला पोचला आहे, मागे या. मग परत ७.२ बघा, कारण ही दोन बटणं एकमेकांना ओढतात.

७.४ गॅमा. मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते हे ठरवतं. पूर्ण अंधारात २.४, थोडा उजेड असेल तर २.२.

७.५ पांढऱ्याची छटा. ६५०० केल्विन, किंवा 'वॉर्म'. पहिली दहा मिनिटं पिवळट वाटेल. डोळा निळसर टीव्हीला सरावलेला असतो. रंग मोजणारा मीटर नसेल तर लाल-हिरवा-निळ्याच्या गेन आणि ऑफसेटला हात लावू नका. डोळा पांढऱ्याशी इतक्या चटकन जुळवून घेतो की त्याची साक्ष इथे चालत नाही. मीटर असेल तर तो पडद्याकडे तोंड करून लावा, म्हणजे पडद्याची छटाही मोजली जाते, आणि कमी असलेला रंग वाढवण्यापेक्षा जास्त असलेला कमी करा. गेन उजळ भागांवर चालतो, ऑफसेट अंधाऱ्या भागांवर.

७.६ डीएलपीची खास तपासणी. काही यंत्रांच्या रंगचक्रात (उजेडासमोर फिरणाऱ्या रंगीत तुकड्यांच्या चाकात) पांढरा तुकडाही असतो. त्याने पांढरा झगझगीत होतो आणि शुद्ध रंग त्यापुढे मळकट पडतात. लक्समीटर आता पडद्याकडून लेन्सकडे तोंड करून धरा. पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण निळा यांचे आकडे बेरीज करून पूर्ण पांढऱ्याशी ताडून बघा. बेरीज पांढऱ्याच्या निम्म्यावर येत असेल तर 'ब्रिलियंट कलर' किंवा तत्सम सेटिंग खाली आणा आणि ७.३ परत करा.

७.७ कलर आणि शार्पनेस. कलर बरोबर मोडमध्ये मूळ आकड्यावरच ठेवा. शार्पनेस अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी होईपर्यंत कमी करा.

आता ओळखीचे चेहरे असलेलं, नीट चित्रित केलेलं दृश्य लावा आणि फक्त त्वचा बघा. कॉमेंटरीच्या पट्ट्या आणि जाहिराती बघून रंग ठरवू नका.

## टप्पा ८: नोंद आणि निगा

सगळे आकडे फोनवर फोटो काढून ठेवा. फर्मवेअर अपडेट झालं की काही यंत्रं सगळं पुसून टाकतात. दिवा नवा असेल तर शंभरेक तासांनी टप्पा ७ पुन्हा करा, सुरुवातीच्या तासांत त्याची छटा सरकते. दिव्याचं यंत्र पंखा थांबेपर्यंत स्विचबोर्डावरून बंद करू नका. मुलांना लेन्समध्ये डोकावू देऊ नका, लेझर यंत्रात तर अजिबात नाही.

हवेच्या फिल्टरची धूळ मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मुदतीआधीच काढत चला. रस्त्यालगतच्या घरात ती लवकर साचते. आणि कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने झाकून ठेवू नका. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती बाहेरून पुसून जात नाही. आठवड्यातून एकदा तासभर चालवा. खोक्यात ठेवायचंच असेल तर सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला.